डोंगरी मेंढ्याच्या शिकारीसाठी हलकी रायफल आणि स्कोप: बजेट ४००० कॅनेडियन डॉलर, सल्ला हवा

शाहूपुरीकर (सातारा)

राम राम मंडळी. धागा भरकटू नये म्हणून आधीच सांगतो, शिकार आपल्याकडची नाही, कॅनडातली आहे. मी ब्रिटिश कोलंबियात प्रिन्स जॉर्जला राहतो. तिथला कायम रहिवासी आहे, बंदुकीचा परवाना आणि शिकाऱ्यांचा सक्तीचा कोर्स दोन्ही झालंय. सध्या सुट्टीवर साताऱ्यात घरी आहे, जूनअखेर परत जाणार. ऑगस्टच्या मध्याला दोन मित्रांबरोबर प्रांताच्या उत्तर टोकाच्या डोंगरांत स्टोन शीप या डोंगरी मेंढ्याच्या शिकारीला जायचं ठरलंय. दहा दिवस, तंबूसकट सगळं सामान पाठीवर.

रायफल, स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण), माउंट (ती बसवायचं सामान) सगळं मिळून ४००० डॉलर. डोक्यात दोन रायफली आहेत: टिक्का टी३एक्स लाइट आणि किंबर माउंटन असेंट. किंबर महाग आहे पण हातात घेतली की सोडवत नाही, इतकी हलकी. कॅलिबरचं (नळीचं माप, म्हणजे काडतूस कुठलं) म्हणाल तर मित्र म्हणतात, तिकडे ग्रिझली अस्वलं आहेत, .३०० विंचेस्टर मॅग्नमच घे. स्कोप ४-१६x५० (४ ते १६ पट मोठं दाखवणारा, समोरचं भिंग ५० मिमी) घ्यावा का? आजवर मित्राच्या .३०८ ने हरणावर १५० मीटरपर्यंत नेम धरलाय, त्यापुढे नाही. आणि इथे साताऱ्यात रायफल नसताना काय सराव करता येईल?

आर्मरर_काका (सातारा)

प्रश्न बरेच विचारलेत, पण वजनाचा पुरा हिशेब एकातही नाही. दुकानातल्या पाटीवरचं वजन नुसत्या रायफलचं असतं, डोंगरावर ती तशी जात नाही. .२७० मधली टिक्का लाइट तीन किलोपेक्षा थोडी कमी, २.९ धरा. त्यावर ३.५-१०x४० चा हलका स्कोप ३७० ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा ८० ग्रॅम, पट्टा १०० ग्रॅम आणि चार काडतुसं १०० ग्रॅम. झाली साडेतीन किलो. तीच बेरीज किंबरची करा: लांब अ‍ॅक्शनमधली (अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस भरणारी, उडवणारी यंत्रणा) रायफल २.४, वरचं सामान तेवढंच, एकूण तीन किलो आणि थोडं. म्हणजे भांडण अर्ध्या किलोचं आहे. आता तुमचा ४-१६x५० त्या किंबरवर चढवा. असे स्कोप ६००-७०० ग्रॅमच्या घरात जातात, वर रिंगाही उंच आणि जड लागतात. जादा पैसे मोजून वाचवलेल्या वजनातलं निम्म्याहून जास्त तुम्ही परत वर चढवलंत, तेही नळीच्या वर, म्हणजे रायफल हातात कलंडायला लागते.

हलकी रायफल खांद्यावर गोड लागते, नेम धरताना नाही. चढून आल्यावर छाती धपापत असते. जड रायफल त्या हालचाली गिळते, हलकी त्या सगळ्या टोकापर्यंत पोचवते. चापाचंही तेच. तीन किलोच्या रायफलला सव्वा किलोचा चाप ओढताना बोट जरा आडवं गेलं तरी नळी हलते. चाप एक किलोच्या आसपास ठेवा, टिक्काचा स्क्रूने एक ते दोन किलोच्या दरम्यान लावता येतो. त्याखाली नेऊ नका, गारठलेल्या बोटांना कळत नाही चाप कधी सुटला ते.

धक्क्याचं गणित सरळ आहे. काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. सगळं धरून ३.२ किलोची रायफल घेतली तर ६.५ क्रीडमूर साधारण १८ ज्यूल, .२७० विंचेस्टर २४ ज्यूल आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ४० च्या वर. हा शेवटचा आकडा तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून माणसाला डोळे मिटायला शिकवतो आणि ती सवय मोडायला फार दिवस लागतात. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचं, वायू बाजूला फेकणारं टोपण) लावला तर धक्का कमी होतो हे खरं. पण त्याचा आवाज बाजूला पडलेल्या मित्राच्या कानाचं कायमचं नुकसान करू शकतो, आणि डोंगरावर ऐन वेळी कानात बोळे घालायला कुणाला सुचत नाही.

म्हणून माझं मत: सगळं धरून ३.२ ते ३.५ किलो. तीनच्या खाली जाणारी रायफल ज्यानं भरपूर गोळ्या झाडल्यात त्याच्यासाठी आहे. तुम्ही १५० च्या पुढे गेलेले नाही, तुम्ही टिक्का घ्या. स्टेनलेसचीच घ्या, पण स्टेनलेसला गंज चढतच नाही या भ्रमात राहू नका, फक्त उशिरा चढतो. बजेटचा निम्मादेखील तिला लागणार नाही. उरलेला पैसा काचेत आणि गोळ्यांत घाला. अर्धा किलो कुठून तरी कमी करायचाच असेल तर तंबू आणि पाठपिशवीतून करा, तिथं तो स्वस्तात निघतो.

कॅलिबर .२७० विंचेस्टर. १९२५ सालचं काडतूस आहे आणि डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीत त्याचं नाव मोठं आहे ते उगाच नाही. १३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ९३० मीटरच्या आसपास निघते, मार्ग सपाट, धक्का सोसवणारा, आणि उत्तरेच्या लहान गावातल्या दुकानातही काडतूस मिळण्याची शक्यता जास्त. ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूरही मेंढ्याला पुरून उरतात. एक मात्र लक्षात ठेवा, टिक्काची अ‍ॅक्शन सगळ्या कॅलिबरना एकाच लांबीची असते. तिच्यात आखूड काडतूस घेऊन वजन वाचत नाही. किंबरमध्ये वाचतं, कारण तिथं आखूड अ‍ॅक्शन खरोखर वेगळी आहे.

अस्वलासाठी कॅलिबर निवडू नका. कंबरेला अस्वलाचा मिरचीचा फवारा ठेवा, तिघांनीही. अस्वल येतं ते बहुतेक मांस सोलताना, आणि त्या वेळी रायफल दहा पावलं लांब धोंड्याला टेकवलेली असते.

टिक्काची एक कमजोरी सांगून ठेवतो. मॅगझिन सुटं आणि प्लास्टिकचं आहे. वाईट नाही, पण झुडपात पडलं तर तुमच्या हातात एकेरी बंदूक उरते. दुसरं मॅगझिन विकत घ्या आणि पाठपिशवीच्या झाकणात ठेवा. किंबरला ही भानगड नाही, तिचं मॅगझिन आतच असतं.

आटपाडीचा_गडी (सांगली)

एवढा खर्च करून मेंढाच आणायचा असेल तर आटपाडीच्या बाजारात या की राव. माडग्याळचा एडका, नाक बाकदार, चाल राजाची. झिरो नाही, वारा नाही, टेम्पोत घाला आन् घरी न्या. 😄

(थट्टा बाजूला. काकांनी धक्क्याचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर.)

मिरज_काचवाला (मिरज)

स्कोपबद्दल मी लिहितो.

४-१६x५० चा मोह सोडा. ३०० मीटरवर १० पट मोठा दिसणारा मेंढा भरपूर मोठा दिसतो. जादा पटीचा तोटा असा की श्वासाबरोबर हलणारी रेघही तेवढीच मोठी दिसते आणि माणूस घाबरून चाप झटकतो. शिवाय समोरच्या भिंगाचा व्यास भागिले पट म्हणजे डोळ्यात येणाऱ्या उजेडाचा व्यास. ४०/१० चे झाले ४ मिमी, ५०/१६ चे ३ मिमी. म्हणजे पूर्ण पटीवर तो मोठा भिंगवाला उलट जास्त अंधारा.

हलक्यात ल्युपोल्ड व्हीएक्स-३एचडी ३.५-१०x४० किंवा स्वारोव्स्की झेड३ ३-१०x४२, दोन्ही ३६०-३७० ग्रॅमच्या आसपास. व्होर्टेक्स रेझर एलएचटी ३-१५x४२ साधारण ५४० ग्रॅम. तो दणकट आहे आणि त्याचा टरेट (नेम वर-खाली करायची फिरकी) चांगला आहे, पण पावणेदोनशे ग्रॅम जास्त. तुमच्या बजेटमध्ये मी पहिला घेईन आणि उरलेले पैसे १०x४२ च्या चांगल्या दुर्बिणीत घालेन. डोंगरावर रायफलच्या स्कोपमधून तुम्ही पाच मिनिटं बघता, दुर्बिणीतून दहा दिवस. आणि स्कोपनं प्राणी शोधायचे नाहीत, ते म्हणजे अनोळखी गोष्टीवर भरलेली नळी रोखणं. तिघांत मिळून ६५ मिमीचा एक स्पॉटिंग स्कोप आणि तिपाई पुरे. कुणी काय उचलायचं ते आत्ताच वाटून घ्या.

रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) साधं ठेवा. सेकंड फोकल प्लेनमध्ये (पट बदलली तरी रेघा तेवढ्याच दिसतात तो प्रकार) खालच्या खुणांचं माप एकाच पटीवर बरोबर असतं, बहुधा सर्वात मोठ्या. पट ६ वर ठेवून खालची खूण लावली तर गोळी भलतीकडे. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये (रेघा पटीबरोबर लहान-मोठ्या होतात) खुणा कुठल्याही पटीवर खऱ्या असतात, पण लहान पटीवर रेघा इतक्या बारीक होतात की सावलीतल्या काळपट मेंढ्यावर त्या सापडत नाहीत. टरेट झाकणाचा किंवा लॉकवाला हवा. उघडा टरेट पाठपिशवीतून रायफल ओढताना फिरतो आणि कुणाला कळतही नाही.

आता बसवणं. हलक्या रायफलवर स्कोप ढिला होण्याची कारणं जवळजवळ नेहमी तीच असतात: स्क्रूंना तेल राहिलेलं, नाहीतर अंदाजानं आवळलेले. आधी स्क्रू आणि भोकं स्पिरिटनं पुसून कोरडी करा. बेसचे स्क्रू २० ते २५ इंच-पौंड, रिंगांच्या झाकणाचे १५ ते १८. म्हणजे झाकणाला साधारण २ न्यूटन-मीटर, फार नाही. मनगटाच्या जोरानं आवळलं तर स्कोपची नळी चेपते आणि पट बदलण्याची कडी जड फिरू लागते, ती खूण समजा. टॉर्कचा पाना विकत घ्या. दोन्ही बाजू आलटून पालटून आवळा, झाकणाच्या दोन्ही फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. अ‍ॅक्शनच्या स्क्रूंना रायफलच्या पुस्तिकेतला आकडा पाळा.

उभी रेघ सरळ करायला वीसेक मीटरवर दोरीला वजन बांधून ओळंबा सोडा, रायफल लेव्हलमध्ये ठेवा आणि रेघ दोरीला जुळवा. रायफल तीन अंश कलंडली तर ३०० मीटरवर गोळी तीन-चार सेंमी बाजूला जाते. एवढ्यानं मेंढा चुकत नाही, पण वाऱ्याची चूक त्याच बाजूची निघाली की दोन्ही मिळून चुकतो.

डोळ्याचं अंतर साधारण ९ सेंमी. दुकानात टेबलावर बसून ठरवू नका. जाड जाकीट घालून जमिनीवर पालथं पडा, समोर पाठपिशवी ठेवा आणि नळी चढावर रोखा. अशा वेळी डोकं आपोआप पुढं सरकतं आणि टेबलावर बरोबर वाटलेला स्कोप भुवईवर बसतो. स्कोप त्या स्थितीत जुळवा, थोडा पुढंच ठेवा.

शेवटी स्कोप खरं बोलतो का तपासा. १०० मीटरवर मोठ्या कागदावर ओळंब्यानं उभी रेघ काढा, खाली ठिपक्यावर नेम धरून गोळी मारा. मग टरेट ५ मिलरेडियन (एक म्हणजे अंतराचा हजारावा भाग) वर फिरवून त्याच ठिपक्यावर नेम धरा. गोळी ५० सेंमी वर आणि रेघेवरच लागली पाहिजे. परत शून्यावर आणा आणि तिसरी मारा. ती पहिलीच्या जागी नसेल तर स्कोप परत द्या, हुज्जत घालू नका.

शाहूपुरीकर (सातारा)

काका, काचवाले, मनापासून आभार. किंबरचं भूत उतरलं. टिक्का .२७० आणि ३.५-१०x४० नक्की.

दोन गोष्टी राहिल्या. एक, अंतर बघून दरवेळी टरेट फिरवायचा की एकच झिरो (नेम आणि गोळी जुळतात ते ठरवलेलं अंतर) ठेवायचा? दोन, इथल्या सरावाचं. चुलत्याकडे परवान्याची .३१५ ची रायफल आहे, शेतावर दोन-चार गोळ्या मारून बघू का? आणि घरी एक जुनी स्प्रिंगवाली छऱ्याची बंदूक पडून आहे.

विश्रामबाग_नेमबाज (सांगली)

चुलत्यांच्या .३१५ ला हात लावू नका. परवाना त्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. १९५९ चा शस्त्र कायदा त्यात नात्यागोत्याची सवलत देत नाही, आणि आवाज गेला की पोलिसपाटलापासून सगळे येतात. चुलत्यांचा परवाना जाईल. शिवाय त्या रायफलवर शिकलेलं टिक्कावर काही कामाचं नाही.

छऱ्याची बंदूक मात्र सोनं आहे. ४.५ मिमी, म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही, आधी तिच्यावरचे आकडे वाचा. पण ती घेऊन कास, बामणोली, कोयनेकडे फिरायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं गुन्हा आहे, आणि कुठेही पक्ष्यावर नेम धरणं म्हणजे शिकारीचा प्रयत्न. घराच्या पडवीत किंवा बंद परड्यात १० मीटर मोजा. मागं भिंत, भिंतीपुढं जुन्या गोधड्या गच्च भरलेला लाकडी खोका, आणि आसपास कुणी येणार नाही याची खात्री. डोळ्यांना चष्मा हवाच, छरा परत फिरतो.

कागदावर १ सेंमीचं वर्तुळ काढा. मेंढ्याच्या छातीची मोक्याची जागा साधारण २५ सेंमी धरली तर २५० मीटरवर ती जेवढी दिसते तेवढंच हे वर्तुळ १० मीटरवर दिसतं. गणित एकच आहे, हजारात एक.

चार बैठकी करा: पालथं पडून पाठपिशवीवर, बसून कोपर गुडघ्यात, गुडघ्यावर काठीच्या आधारानं, आणि पाय खाली ठेवून उतारावर आडवं. उभ्यानं मारणं डोंगरावर विसरा. प्रत्येक बैठकीत पाच छरे, पण पाचही एका दमात नाही. छरा मारा, उठा, जिना दोनदा चढून या, मिनिटाच्या आत परत बसा आणि पुढचा मारा. धाप लागलेली असताना श्वास रोखून धरायचा नाही. श्वास सोडल्यावर जी छोटी उसंत मिळते तिच्यात चाप पूर्ण करायचा. नाही झाला तर बोट काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता एक बारकावा, तो नाही पाळला तर नुकसान होईल. स्प्रिंगची बंदूक आधी मागं आणि मग पिस्टन थांबताना पुढं असा दुहेरी झटका देते. म्हणून ती सैल धरावी लागते, तळहातावर नुसती टेकवून. हलकी .२७० नेमकी उलट: तिला खांद्यात घट्ट ओढून धरावं लागतं, पुढचा हात दस्त्यावर किंवा पट्ट्यावर ठेवून. सैल धरली तर उसळते आणि दर गोळी वेगळ्या जागी जाते. तेव्हा छऱ्याच्या बंदुकीवर चाप, श्वास आणि बैठक शिका, पकड शिकू नका. आणि तिच्यावर भारी स्कोप लावून बघण्याची हौस करू नका, तो पुढचा झटका साध्या स्कोपची आतली भिंगं सैल करतो. शिवाय शिकारीचा स्कोप १०० मीटरच्या पुढे स्पष्ट दिसेल असा जुळवलेला असतो, १० मीटरवर सगळं धूसर. उघडी माशीच (नळीवरचं नेमाचं साधं टोक) बरी.

पायांसाठी अजिंक्यतारा तुमच्या दारातच आहे. चढताना पाठपिशवीत पाण्याचे कॅन: १० किलोपासून सुरू करा, आठवड्याला दोन-तीन किलो वाढवत २० पर्यंत. वर पोचलं की पाणी झाडांना ओता आणि रिकामे उतरा, म्हणजे गुडघे वाचतात. उतारावरचं वजन शेवटच्या दोन आठवड्यांतच आणि काठ्या घेऊनच. सज्जनगडाच्या पायऱ्या आणि यवतेश्वरचा घाट यांची अदलाबदल करा. बूट नवे घेतले असतील तर इथल्याच पावसात भिजवून वापरा. जूनच्या चिखलात जो बूट टाच कापतो तो तिकडे दहा दिवस कापेल.

आर्मरर_काका (सातारा)

झिरोचं उत्तर देतो. टरेट फिरवायला शिका, पण ३०० मीटरच्या आत फिरवू नका. .२७० ची १३० ग्रेनची गोळी १०० मीटरवर ७ सेंमी वर लागेल असा झिरो करा. मग ती २५० वर नेमकी, ३०० वर साधारण १० सेंमी खाली, ३५० वर पाव मीटर खाली जाते. २५ सेंमीच्या छातीवर मधोमध नेम धरला तर ३०० पर्यंत काही करावं लागत नाही. हे आकडे तुमच्या नळीचे नाहीत, अंदाजाचे आहेत. जुलैत रेंजवर २०० आणि ३०० ला प्रत्यक्ष मारून कागदावर लिहा आणि तो कागद दस्त्याला चिकटवा.

तुमची मर्यादा मी आजच सांगतो, ३००. जुलैत पाठपिशवीवरून, धाप लागलेली असताना, ३०० वर पाचपैकी पाच गोळ्या २० सेंमीच्या थाळीत गेल्या तरच. नाही गेल्या तर २५०. मेंढा लांब असेल तर जवळ जायचं, त्यालाच तर शिकार म्हणतात.

चढ-उतारात सगळे एकाच बाजूला चुकतात. वर मारा की खाली, गोळी वर लागते, कारण गुरुत्वाकर्षण फक्त आडव्या अंतरावर मोजायचं असतं. ३५ अंशाच्या उतारावर ३५० मीटर म्हणजे आडवे २८७ मीटर. तुम्ही ३५० समजून पाव मीटर वर नेम धरलात तर गोळी पाठीवरून गेली. कोन धरून अंतर सांगणारा रेंजफाइंडर घ्या आणि तो दाखवतो तो दुसरा आकडा वापरा. ३० अंशाला ०.८७, ४० ला ०.७७ एवढं पाठ असलं तरी काम भागतं.

वारा मात्र कुठलं यंत्र सांगत नाही. ताशी १५ किमीचा आडवा वारा ३०० मीटरवर १५ ते २० सेंमी ढकलतो. खिंडीत तुमच्याजवळ एक वारा आणि मेंढ्याजवळ दुसरा असतो, गवत दुर्बिणीतून बघा.

बारीक नळी लवकर तापते. सरावात तीन गोळ्या मारा आणि नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या नळीची चौथी-पाचवी गोळी सरकली म्हणून झिरो बदलत बसू नका. डोंगरावर मोजायची ती पहिली, गार नळीतली गोळी. तेव्हा रोज सकाळी रेंजवर पहिली गोळी एकाच कागदावर मारा, तो कागद जपून ठेवा आणि तिचा घोळका बघा. नळी कधीही धोंड्यावर टेकवायची नाही, दस्ता टेकवायचा. नळीखाली दगड आला की गोळी वर फेकली जाते.

वाळव्याचा_कॅल्गरीत (अल्बर्टा)

रायफलचं सगळं आलंय, मी तिकडच्या हवेचं आणि कायद्याचं सांगतो.

ऑगस्ट असला तरी पाऊस, धुकं आणि वरच्या अंगाला बर्फ, तिन्ही एका दिवसात होतात. नळीच्या तोंडावर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावा. गोळीपुढची हवाच तो फोडते, नेम बदलत नाही. टेप विसरलात आणि नळीत चिखल किंवा बर्फ बसला तर मात्र नळी फुटू शकते. टेपचे चार-पाच वेढे नळीवरच गुंडाळून ठेवा. रात्री रायफल उबदार तंबूत घेऊ नका. गार धातूवर दव धरतं, बोल्टच्या आत शिरतं आणि पहाटे गोठतं. बाहेरच्या पडवीत, झाकून आणि रिकामी ठेवा. जायच्या आधी बोल्ट खोलून कारखान्याचं तेल पूर्ण पुसा आणि कोरडं वंगण लावा. दाट तेल थंडीत घट्ट होतं, फायरिंग पिन आळसावते आणि नुसताच टक आवाज येतो. स्कोपच्या भिंगाजवळ श्वास सोडायचा नाही, भिंगावर कपड्याचं झाकण घाला.

ब्रिटिश कोलंबियात स्टोन शीपचा एडका पूर्ण वळशाचा लागतो: बाजूनं नेमकं काटकोनात बघितलं की शिंगाचं टोक कपाळ ते नाकाच्या रेषेच्या वर गेलेलं हवं, नाहीतर शिंगावरच्या वर्षाच्या कड्यांवरून वय किमान आठ. जरा तिरका उभा असेल तर वळसा पूर्ण असल्याचा भास होतो. कडी मोजताना खोटी कडी पण असतात, उथळ आणि अर्धवट फिरलेली. खरं कडं शिंगाभोवती सलग खोल जातं. तिघांपैकी एकालाही शंका असेल तर चाप ओढायचा नाही. शिंगं नंतर सरकारी तपासणीला न्यावी लागतात, तिथे त्यात क्रमांकाची खूण ठोकतात, आणि आखूड निघाला तर शिंगं जातात, वर खटला. यंदाच्या नियमपुस्तकात तुमचा विभाग आणि तारखा स्वतः वाचा, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका. खाण्यासारखं मांस डोंगरावर सोडून येणंही गुन्हा आहे. हाडं काढून तीसेक किलो मांस, वर डोकं आणि कातडं. तिघांच्या पाठीवर ते तंबूच्या वर येतं, म्हणून साताऱ्यात २० किलोचा सराव कमी समजू नका.

शाहूपुरीकर (सातारा)

काय माहिती दिलीत राव, छापून ठेवतो. शेवटचं: झिरो प्रिन्स जॉर्जला, म्हणजे सहाशे मीटर उंचीच्या आत-बाहेर करणार, शिकार अठराशे-दोन हजारवर. फरक पडेल? आणि काडतुसं किती न्यायची?

आर्मरर_काका (सातारा)

विरळ हवेत गोळी कमी अडते, पण ३०० मीटरच्या आत फरक एक-दोन सेंटीमीटरचा. तो विसरा. उंचीपेक्षा विमानातल्या आणि गाडीतल्या आदळआपटीला भ्या. तळावर पोचलात की मेंढ्यांच्या दरीपासून लांब, १०० मीटरवर खोक्याचा पुठ्ठा लावून एक गोळी मारा. ७ सेंमी वर लागली तर दुसरी मारू नका. नाही लागली तर आधी रिंगा आणि अ‍ॅक्शनचे स्क्रू तपासा, टरेटला हात नंतर. छोटा पाना त्यासाठीच सोबत हवा.

डोंगरावर पंधरा काडतुसं पुरेत: तीन मॅगझिनमध्ये, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) चढताना रिकामं, बाकी कापडी पट्टीत, खडखडणार नाहीत अशी. जुलैच्या सरावाला चार खोकी धरा आणि शिकारीचं खोकं धरून सगळी एकाच लॉट नंबरची एकदम विकत घ्या, नंबर खोक्याच्या झाकणाच्या आत किंवा बाजूला छापलेला असतो. लॉट बदलला की वेग बदलतो आणि तुमचा दस्त्यावरचा कागद खोटा पडतो. विमानानं जाणार असाल तर काडतुसं कारखान्याच्या खोक्यात, चेक-इन सामानात, ५ किलोच्या आत. अस्वलाचा फवारा प्रवासी विमानात अजिबात चालत नाही, तो उतरल्यावर गावातच घ्या आणि मुदतीची तारीख बघून घ्या.